शुक्रवारवाली आणि आवाजवाला

ठण्ण… करून स्टीलचं झाकण फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि थरथरत थांबलं.

दुपारचे अडीच. मोठ्या मुश्किलीनं झोपलेली ठमी कुशीवर वळली. ठमीची आई दोन ढांगांत स्वयंपाकघरात पोचली. पण तिथे झाकणं सगळी जागच्या जागी! तिनं ओट्याखाली पाहिलं, खिडकीत मांजर आहे का पाहिलं. काही नाही. मग बाहेरच्या टेबलावरून पुन्हा तेच… ठण्ण!

लॅपटॉप. पाच मिनिटांपूर्वी तिनंच एका वेबसाइटवरचं बटण दोनदा दाबलं होतं आणि आवाज येईना म्हणून नाद सोडून पाचवीच्या भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला घेतली होती. वेबसाइट गोगलगायीची बहीण होती, एवढंच. पडद्यावर लिहिलं होतं : "झाकण, स्टीलचं, फरशीवर. अकरा सेकंद."

ती तोंडावर हात दाबून हसली. आणि भूगोल बाजूला सरकवला.

घरातले आवाज, चारशे बारा. हवे तितके न्या, हवे तिथे वापरा. नोंदणी नाही, जाहिरात नाही. नावं तर एकेक अशी की बस्स! "कुलपात किल्ली, घाईत." त्याखाली "कुलपात किल्ली, घरी जायची इच्छा नसताना." "चमचा कपात, दुसऱ्या खोलीतून." "आई चष्मा काढून टेबलावर ठेवते." हे कुणी गोळा केलं असेल? माणूस वेडा असणार. पण कानाचा पक्का.

वेड्यांशी तिची जुनी ओळख होती. गेली चार वर्षं दर शुक्रवारी ती ईमेलनं एक पत्र पाठवत असे. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या पाच गोष्टी, कामाच्या नाहीतर निव्वळ मजेच्या. कधी कापून चिकटवायचा कागदी सिंह, कधी कुठल्या डागावर काय चोळायचं ते सांगणारं पान, कधी आज आपल्या डोक्यावर कोणते तारे आहेत ते दाखवणारा नकाशा. सुरुवातीला पत्र जायचं ताईला आणि ताईच्या दोन नणंदांना. आता वाचक दोन हजारांच्या घरात गेले होते आणि तिला नाव पडलं होतं शुक्रवारवाली. नियम एकच… स्वतः वापरून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. फुकटचं बरंचसं थोडेच दिवस फुकट असतं, म्हणून घरात असं काही नवं आलं की ठमी आधी विचारायची, हे किती दिवसांसाठी आहे?

तिनं चारशे बारापैकी निम्मे आवाज ऐकले आणि शुक्रवारी मनापासून लिहिलं. शनिवारी सकाळी उत्तर आलं.

"शुक्रवारवाली बाईंना नमस्कार. माझ्या वेबसाइटवर रोज तीन माणसं येत असत. त्यातला एक मी. काल संध्याकाळी चौदाशे आली. ती वेबसाइट माझ्या इस्त्रीच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायची. चालायची, असंच म्हणावं लागेल. तुमचं कौतुक फार गोड होतं, पण त्याला पेललं नाही. आवाजवाला."

खाली फोन नंबर होता. तिनं सरळ फोन लावला.

"मी शुक्रवारवाली. बॅकअप असेल ना तुमच्याकडे?"

"आहे ना… म्हणजे, होता."

"कुठे?"

"त्याच कॉम्प्युटरवर. शेजारच्या फोल्डरमध्ये."

तिनं हसू दाबलं.

"हसा, हसा. रात्री धावत आलेला दुरुस्तीवालाही हसला. मग त्यानं बिचाऱ्यानं बरेच आवाज वाचवून दिले. एकशे अठरा तेवढे गेले."

त्याचा आवाज छान होता. खोल, जरा खरखरीत, नुकतं झोपेतून उठल्यासारखा. हे आत्ता लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

"पुन्हा रेकॉर्ड नाही का करता येणार?" तिनं विचारलं.

"एकशे सतरा करता येतील. धंदाच आहे माझा. ऑडिओ नाटकांना आवाज पुरवतो मी. दारं, पावलं, मारामाऱ्या."

"आणि राहिलेला एक?"

"क्रमांक नऊ. आई चष्मा काढून ठेवते. तीन सेकंदांचा आहे. आई… गेल्या वर्षी गेली."

तिला तो आठवला. तिनं तो ऐकला होता आणि पुढे गेली होती. ठेवून घेतला असता तर!

"हे बघा," ती म्हणाली, "माझ्यामुळे गेलाय, मीच आणून देईन."

"कसा?"

"चौदाशे माणसं तुमच्या घरी येऊन गेली. सगळीच काही रिकाम्या हातानं परतली नसतील."

त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारवालीचं पत्र शनिवारी गेलं. नेलेलं परत पाठवा, एकूण एक.

आणि आवाज परत येऊ लागले. बहुतेकांनी नावं बदलून टाकलेली. कुणी "भारी दार", कुणी "हा ऐकून कुत्रा भुंकतो" असं काहीबाही ठेवलेलं. त्यामुळे रोज संध्याकाळी सहाला, ठमी खाली खेळायला गेली की, ती फोनवर एकेक आवाज लावायची आणि तो ओळखायचा.

"दोनशे चार. जिना, चपला, भांडून निघालेलं माणूस."

"भांडून निघालंय हे कसं कळतं हो?"

"टाच आधी पडते. समेट करायला येणारं माणूस चवड्यांवर येतं. उद्या जिन्यात कान देऊन बघा."

तिनं खरंच कान दिला. बरोबर होतं!

"मारामारी कशी वाजवता?" एकदा तिनं विचारलं.

"कोबीला बुक्क्या मारून. हाड मोडायला गाजर."

"आणि चुंबन?" विचारून झाल्यावर तिनं जीभ चावली.

"स्वतःच्याच मनगटावर," तो गंभीरपणे म्हणाला. "फार एकाकी धंदा आहे हो."

ती इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं. त्यानं तेही पलीकडून ओळखलं. "धावा, दूध!"

"फुकटातले आवाज मोजायला दीड-दीड तास लागतो का गं?" ताईनं फोनवर टोमणा मारला. "सहा ते साडेसात तुझा नंबर लागेल तर शपथ!"

"कामाचं असतं, ताई."

"हो हो. कामाचं नाहीतर निव्वळ मजेचं. वाचते मी तुझी पत्रं!"

तिनं फोन ठेवला. ठमीचा बाबा वेगळा झाला त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून या दोन खोल्यांत तिनं सगळं नीट लावून ठेवलं होतं, मुद्रितं, डबे, ठमीची दप्तरं आणि स्वतःला. आता रोज सहा वाजायच्या आधीच ती केस विंचरून बसू लागली होती. फोनवर बोलायला! कोण बघणार होतं?

तिसऱ्या आठवड्यात एकशे सतरावा आवाज जागेवर बसला. नववा काही आला नाही.

"राहू द्या आता," तो म्हणाला. "फार केलंत तुम्ही. तीन सेकंदांचं आणि कुणाला काय काम पडणार? बास करू आपण."

बास. म्हणजे उद्या सहा वाजता फोन नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. नववा सापडला नाही म्हणून त्याला वाईट वाटत होतं. तिला दोन गोष्टींचं वाटत होतं आणि त्यातली एकच सांगता येण्यासारखी होती.

"मी म्हणाले होते, आणून देईन," ती म्हणाली. "मी अजून बास म्हटलेलं नाही."

त्यानंतरच्या बुधवारी एका निवृत्त परिचारिकेचं पत्र आलं.

"मुली, मी मेल क्वचित बघते, म्हणून उशीर. चष्म्याचा आवाज माझ्याकडे आहे. मी एकटी राहते. सकाळी चहा टाकायच्या आधी तो एकदा लावते. शेजारच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं आणि आता उठून इकडे येणार आहे, असं वाटतं. परत पाठवते आहे, पण माझ्याजवळचा ठेवून घेऊ ना?"

सोबत तीन सेकंद होते. एक काडी मिटली. दुसरी मिटली. लाकडावर काच टेकली, आणि अगदी शेवटी, कान लावला तरच ऐकू येईल असा एक लहानसा सुस्कारा.

तिनं ते मेलनं पुढे पाठवलं नाही. पत्ता विचारला, ठमीला शाळेतून परस्पर उचललं आणि बस पकडली.

दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा ती गोंधळली. एवढ्या खोल आवाजाचा माणूस ताडमाड असणार असं तिनं धरलं होतं. हा तिच्याहून जेमतेम बोटभर उंच. शर्टाला कोबीचं पान चिकटलेलं. डोळे मात्र… डोळे अगदी आवाजासारखेच होते.

"मी—" ती म्हणाली.

"शुक्रवारवाली," तो म्हणाला. "पण आज तर बुधवार आहे."

आत भिंतींना गाद्या लावलेल्या. खोक्यात बूट, नाडीला बांधलेली कुलपं, आणि खोलीच्या मधोमध चाकांच्या चौकटीत उभं एक दार, ज्याला ना अलीकडे भिंत ना पलीकडे. ठमी त्यातून आत-बाहेर करू लागली. तिला दुसरं काही नको होतं.

"बसा आणि डोळे मिटा," ठमीची आई त्याला म्हणाली. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

तो ऐकत होता. शेवटचा सुस्कारा आला तसा त्याचा हात टेबलावर पुढे सरकला, तिथे काही ठेवलेलं असावं तसा… आणि थांबला. तिनं पुन्हा लावलं. मग त्यानं तिसऱ्यांदा लावलं. परिचारिकेचं पत्र तिनं हळूच वाचून दाखवलं.

"ठेवून घेऊ दे त्यांना," तो म्हणाला. "आईला आवडलं असतं. उगाच लोकांकडे जाऊन बसायची तिला हौसच होती." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. सावकाश, कान बाजूला ठेवून. "हे मेलनं पाठवता आलं असतं की."

"आलं असतं."

"मग?"

"मला तुम्हाला बघायचं होतं." तिचा आवाज जराही कापला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. "सरळच सांगते. चांगलं काही सापडलं की मी शुक्रवारची वाट बघते आणि सगळ्यांना वाटून टाकते. तुमच्याबद्दल मी तीन आठवडे एक अवाक्षर लिहिलं नाही. लिहिणारही नाही. कारण तुम्ही मला हवे आहात. माझ्या एकटीला."

गाद्या लावलेल्या खोलीत शांतता फार दाट असते. तिला स्वतःच्या बांगडीचं किणकिणणं ऐकू आलं.

"पण तुमचा नियम आहे ना," तो अगदी हळू म्हणाला, "वापरून पाहिल्याशिवाय शिफारस नाही?"

"वाटणारच नाहीये, तर शिफारस कशाला?"

तो हसला. मग उठला, उगाचच एक बूट उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवला. पुन्हा काढला. "मी सहाची वाट बघत बसायचो," तो म्हणाला. "रोज. बास म्हटलं त्या दिवशी फोन ठेवला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. सगळे आवाज ओळखतो मी, पण तुझा… तुमचा…"

"तुझा," ती म्हणाली.

"तुझा कुठल्या क्रमांकाला ठेवू, तेच कळेना."

त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, मनगटापाशी. त्याच्या लक्षात आलं, आणि कानांपर्यंत लाल झाला बिचारा.

"चहा टाकतो," तो कसाबसा म्हणाला. "साखर किती घेतेस तू?"

चौकटीतलं दार धाडकन मिटलं. ठमी पलीकडून वळसा घालून आली, दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. तिनं धरलेले हात पाहिले. मग आवाजवाल्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट निरखलं, शर्टावरचं कोबीचं पान काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि आईकडे वळून खणखणीत आवाजात विचारलं,

"आई, हे काका किती दिवसांसाठी आहेत?"