शेजारची नळी

नवसाबाईच्या रक्तात बारा पेशी निघाल्या, तो सोमवार अगदी साधासुधा होता. कॉलेज रोडमागच्या प्रयोगशाळेत एसी घरघरत होता, मदतनीस समाधान डब्यातल्या मेथीचा वास लपवत होता आणि दीपमाला सख्ख्या आईचं, नवसाबाईचं, रक्त चिपमध्ये सोडत होती. चिप म्हणजे बोटभर पारदर्शक पट्टी. तिच्यातल्या केसासारख्या बारीक वाटांमधून रक्त सरकतं. साध्या पेशी निसटतात, कर्करोगाच्या थोराड पेशी अडकतात. तुलनेला निरोगी रक्त लागतं. ते दीपमाला स्वतःचंच काढायची. त्यात कायम शून्य.

पुढच्या सोमवारी आईच्या सात. शेजारच्या नळीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या रक्तात, पाच.

"पिपेटचं टोक बदलायला विसरलात मॅडम," समाधान म्हणाला.

तिनं दोघींचं रक्त नव्यानं काढलं. सात आणि पाच. मिळून बाराच.

तिसऱ्या सोमवारी तिनं समाधानची नळी शेजारी ठेवली. "माझ्या रक्तात मिसळीची तर्री सापडेल फक्त," तो हसला. आईच्या चार निघाल्या. त्याच्या तीन.

त्यानं डबा उघडला नाही.

दीपमालानं त्याची नळी उचलून आपल्या गेल्या सोमवारच्या नळीशेजारी ठेवली, तासाभरानं त्याचं रक्त पुन्हा काढलं. शून्य. तिच्या आठ झाल्या होत्या. "चिप खराब होती रे," ती म्हणाली. तिचं ठरलं होतं.

चौथ्या सोमवारी तिनं आपली नळी आईच्या नळीला चिकटवून ठेवली. आईच्या शून्य. तिच्या बारा.

संध्याकाळी मखमलाबादच्या घरी नवसाबाई ओट्यावर शेवंती निवडत होती.

"सुटलीस आई. काहीच नाही निघालं."

"मंग गेलं कुठं?"

दीपमाला शेजारी बसून शेवंती निवडू लागली.

नवसाबाईनं तिच्या दंडावरची सुईची खूण अंगठ्यानं चाचपली. "लय हट्टी हायेस पोरी. पन मी तुझी माय हाय."

पाचव्या सोमवारी दीपमाला पोचली तेव्हा आई बाहेरच्या बाकावर दंडाला कापूस दाबून बसलेली.

"त्यांनीच सांगितलं," समाधान पुटपुटला. "त्यांची नळी तुमच्या गेल्या सोमवारच्या नळीला चिकटवून ठेव म्हणाल्या."

दीपमालानं आपल्या रक्ताची चिप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मोजलं.

अकरा.

तिनं मान वर केली. काचेच्या दारापलीकडे आई डोळे मिटून बसली होती. मांडीवरच्या हाताचं एक बोट तिनं दुमडलेलं होतं.

दीपमालानं पुन्हा मोजलं.

दहा.

आईनं दुसरं बोट दुमडलं.