तुलनेचं रक्त

लोणावळ्याच्या त्या लहानशा खासगी दवाखान्यात रक्ताची तपासणी डॉक्टर विमला टिपणीस स्वतःच करत. मदतनीस टिकतच नसे, बाईंचा स्वभावच तसा. १९७३च्या हिवाळ्यात जवळच्या भाजे गावातल्या जानूला पंपाच्या मोटारीचा झटका बसला. टेम्पोतून आणला, तो दवाखान्याच्या पायरीवरच त्याचं हृदय थांबलं. बाईंनी छाती दाबदाबून ते पुन्हा चालू केलं. श्वास आला, पण शुद्ध काही येईना.

"त्ये उटतील का? मला वळखतील का?" त्याची बायको हिरा विचारत राहिली. दुसरं काही तिला नकोच होतं.

पेशी मेल्या की त्यांच्यातलं द्रव्य रक्तात उतरतं. मेंदूचंही तसंच कळावं, असा बाईंचा होरा होता. रसायन घातलं की नळीत तपकिरी रंग येई. जितका गडद, तितकी मोडतोड जास्त. ताडून पाहायला शेजारी धडधाकट माणसाचं रक्त लागे. हिरानं लगेच हात पुढे केला.

"त्याच्याशी बोलत राहा," बाई म्हणाल्या. "जुनं काहीबाही सांग. कानावर पडू दे."

हिरा सांगू लागली. बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेला गेली ते. आईनं पहिली चोळी शिवली ते. इंद्रायणीत पैंजण हरवलं ते. तिचा सासरा भिकाजी व्हरांड्यात न पेटवलेली विडी बोटांत धरून बसलेला असे. तो आत डोकावला की हिरा मान खाली घालून पदर डोक्यावरून पुढं ओढी आणि काठ दातांत धरी.

जानूच्या नळीचा रंग उतरू लागला. बाई चक्क गुणगुणल्या. हिराची नळी मात्र गडद होत चालली. अदलाबदल झाली असणार, म्हणून स्वतःवरच चरफडत त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. तेच आलं.

"काय गं, पैंजण सापडलं का मग?" सुई काढताना त्यांनी सहज विचारलं.

"कसलं पैंजण, बाई?"

बाईंनी सुई खाली ठेवली. त्यांनी दीक्षेचं विचारलं, चोळीचं विचारलं. हिरा गोंधळून हसली. आईचं नावही तिला आठवेना.

"पुरे आता. त्याच्याशी बोलू नकोस."

"त्यांचा रंग उतरलाय न्हवं?"

"उतरलाय. पण तुझा..."

"मग सांगू द्या की."

बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं, भिकाजीजवळ बसवलं. शास्त्राचं काय व्हायचं ते होवो. पोर डोळ्यांदेखत हातची चालली होती आणि बाईंना रडू आवरत नव्हतं. तोंड धुऊन येतात तो हिरा परत जानूच्या कानाशी. ओठ सावकाश हलत होते.

मग थांबले.

जानूनं डोळे उघडले.

"हिरा," तो म्हणाला.

ती परक्या माणसाकडं बघून हसावं तशी हसली.

"कुनाला हाक मारताय, भाऊ?"

जानूच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. बाईंनी खाटेचा दांडा घट्ट धरला. पोराचा आवाज ऐकून भिकाजी धावत दारात आला. हिरा उघड्या डोक्यानं त्याच्याकडं नुसती बघत राहिली.

जानूनं मान खाली घातली, लगबगीनं चादरीचा काठ डोक्यावरून पुढं ओढला आणि दातांत धरला.