ठिगळाखालची पायवाट

काम अर्ध्या दिवसाचं होतं. वरच्या वस्तीच्या आरोग्य उपकेंद्रात जायचं, कपाटातली तीन जीपीएस मशिनं काढायची, त्यांत नवीन नकाशा भरायचा आणि परत यायचं. गुरुवार, चौदा नोव्हेंबर. दुपारी दोनला निघालेला माणूस संध्याकाळी चहाला ऑफिसात दिसायला हवा होता.

ती खिडकी लावून घे रे, गार येतंय. आणि ते मोबाइल उलटे ठेवा.

आज दुपारी तुमच्यातला एकजण मला म्हणाला, "सर, नकाशाच्या दोन शीटांची कड मी टेबलावरच जुळवली. त्यासाठी पाच किलोमीटर कशाला तंगडतोड?" नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागलंय. मी तिथे काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर हात उचलला असता, आणि रिटायर झालेल्या माणसाला ते शोभत नाही. म्हणून आत्ता सांगतो. आणि हे ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या शेजारच्या टेबलाला एकोणीस वर्षं बसत होता.

त्याला आम्ही शिंपी म्हणायचो. शीटांच्या कडा अशा जुळवायचा की शिवण कुठे आहे ते त्यालाच विचारावं लागायचं. हातातली मशिनं तेव्हा नवी होती. आत एक साधा नकाशा असायचा, डांबरी रस्ते आणि गावं एवढाच. शिंपी त्याच्यावर दुसरा चढवायचा, पारदर्शक, लेयर म्हणतात तो. म्हणजे जुन्या शीटांवरून उंचीच्या रेषा, ओढे, विहिरी, पायवाटा नुसत्या रेघांनी काढायच्या आणि मधली जागा मोकळी सोडायची. खाली रस्ते दिसतात, वर डोंगर दिसतो. काचेवर काच ठेवल्यासारखं. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू?

वरच्या वस्तीला जाणारी पायवाट दोन शीटांवर होती. एका शीटवर कडेपाशी येऊन थांबायची, दुसऱ्या शीटवर जरा बाजूला सरकून सुरू व्हायची. शीटं वेगवेगळ्या सालांतली. अशा वेळी करायचं काय? चालून बघायचं. दुसरा इलाजच नाही त्याला. शिंप्याने गाडी मागितली. साहेब म्हणाले, "सोमवारी नर्सेसना मशिनं वाटायची आहेत. टाक जोडून. वाट काय उडून जाते होय?"

वाट उडालीच होती. सुरुंगाने. बरोबर त्या शिवणीवर दगडखाण झाली होती, साठ फूट सरळ खाली. दोन्ही शीटं खाणीच्या आधीची, त्यामुळे खाण ना हिच्यावर ना तिच्यावर. शिंप्याने टाका घातला. मी बघत होतो. "चालून आला नाहीस ना?" असं मी विचारलंसुद्धा. त्याने खांदे उडवले. मीही माझ्या कामाला लागलो. हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरमध्ये नर्सबाई गेल्या. नव्याच बदलून आल्या होत्या, खालच्या गावात आईला घेऊन राहायच्या. संध्याकाळी निरोप आला, वरच्या वस्तीत एक मूल तापाने फणफणलंय. शेवटची गाडी निघून गेलेली. रस्त्याने नऊ किलोमीटर, पायवाटेने तीन. बाईंनी औषधांची पेटी घेतली, मशीन हातात धरलं आणि धुक्यात त्या रेघेवरून निघाल्या. सकाळी खाणीतल्या कामगारांना सापडल्या.

आता पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं. अजून फिरतं, बारा वर्षं झाली तरी.

चौकशी लागली. साहेबांनी अहवालाचा मसुदा आधीच करून ठेवला. स्वतःच्या हलगर्जीपणामुळे वाट सोडून गेल्या, असा. मेलेल्या बाईच्या माथी मारायचं, म्हणजे उलट बोलायला कोणी नाही. त्यांची म्हातारी आई रोज ऑफिसात येऊन बाकावर बसायची. एकच वाक्य बोलायची, "ती वाट सोडणारी नव्हती हो. घरात लाइट गेली तरी भिंत धरून चालायची." पाणी दिलं तर प्यायची नाही. तेवढं कागदावर यायला हवं होतं तिला. आपल्या मुलीने वाट सोडली नव्हती, एवढंच.

साहेबांनी शिंप्याला आत बोलावलं. रेघ पुसायची नाही, पुसली तर पुसल्याची तारीख मागे राहते. त्यापेक्षा वर एक ठिगळ टाक. भरीव, खालचं काहीही न दाखवणारं. मशिनात बघणाऱ्याला वाटेल, तिथे वाट कधी नव्हतीच. लक्षात येतंय का? ज्याचं सगळं मोल खालचं दिसू देण्यात, तोच नकाशा आम्ही झाकायला वापरला. शिंपी नाही म्हणाला नाही. घरी तीन माणसं खाणारी. मला तेव्हा त्याचा राग आला होता. काय अधिकार होता मला...

तर ते अर्ध्या दिवसाचं काम म्हणजे हे. शुक्रवारी चौकशीवाले येणार, त्याआधी मशिनांत ठिगळ भरायचं. दोन तिथेच ठेवायची, तिसरं घेऊन यायचं. तिसरं बाईंचं. साठ फुटांवरून पडलेलं, एक कोपरा तडकलेला, बाकी धड.

शिंप्याला उशीर झाला. साडेसातला उपकेंद्रातून निघाला. आठ वाजून दहा मिनिटांनी, खाणीच्या वरच्या वळणावर, स्कूटर बंद पडली. किका मारून मारून पाय दुखायला लागला. धुकं असं की पुढचं चाक दिसेना. खालचं गाव किती लांब राहिलंय ते बघावं म्हणून त्याने पिशवीतून मशीन काढलं.

वळण दिसत होतं. रस्ता दिसत होता. शेजारी त्याचं ठिगळ, पांढरं.

ठिगळातून काहीतरी वर येत होतं.

कागदाच्या मागून शाई उतरते तसं. आधी एक ठिपका. मग दुसरा. मग ठिपक्यांची रेघ... ती पायवाट. त्याच्या हातचा टाका.

त्याला वाटलं, फाइल नीट भरली गेली नसेल. तुम्हालाही तेच वाटलं असतं. मग त्याने बाण बघितला. आपण उभे असतो तिथे मशीन बाण दाखवतं. हा उभा वळणावर. बाण वळणावर नव्हता. बाण खालच्या गावात होता, शेवटच्या घराशी.

बाण हलला.

वेग, ताशी चार किलोमीटर. माणूस चालतो तेवढा.

त्याने मशीन झटकलं. बंद केलं. बंद होईना. मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढून मुठीत धरले. पडदा चालूच.

बाण गाव सोडून पायवाटेला लागला. ओढा ओलांडला. चढाला लागला, तसा वेग कमी झाला... तीन... अडीच. माणसाला चढावर लागतो तसा दम लागला असावा.

शिंपी म्हणायचा, त्याला पळता आलं असतं. रस्ता मोकळा होता. पण बाणावरून नजर काढली नाही त्याने.

आठ चाळीस. खालून आवाज आला. खडीवर पाऊल... पुन्हा पाऊल. आणि मध्येच टिक्, टिक्. पेटीची कडी. चालताना हलते ती.

धुक्यात काही दिसेना.

मशिनावर शिवणीपासून अंतर... साठ मीटर. चाळीस.

 

वीस.

"बाई..."

पाऊल.

"बाई, थांबा. पुढे वाट नाही."

टिक्... आणि मग नाही.

बाण थांबला. पाऊल थांबलं. शिंपी रस्त्यावर उभा, दोन्ही सेल मुठीत, आणि रडतोय. "पुढे खाण आहे, बाई. मी न बघता जोडलं. वाट तुम्ही सोडली नाहीत. मी चुकवलं तुम्हाला."

काही नाही...

काहीच नाही...

मग बाण वळला. पावलं खाली जायला लागली. हळूहळू, जपून. आठ बावन्न.

स्कूटर ढकलत शिंपी खालच्या गावात आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्याने ठरवलं होतं, आईला आजच्या आज सांगायचं, मग साहेब काय करायचं ते करोत. शेवटचं घर. दार सताड उघडं, दिवा चालू, म्हातारी उंबऱ्यावर बसलेली. त्याने तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "पुढे वाट नव्हती. तू सांगितलंस म्हणे तिला."

ते शब्द तो फक्त त्या वळणावर बोलला होता.

शुक्रवारी त्याने चौकशीवाल्यांपुढे सगळं सांगितलं, जोडलेली रेघ आणि ठिगळसुद्धा. बाईंचं मशीन टेबलावर ठेवलं. ते चालूच झालं नाही. नवे सेल टाकले, तरी नाही. साहेब गोड आवाजात म्हणाले, अपघातापासून त्यांची मनःस्थिती बरी नाही. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारी बसता. त्या लेयरमध्ये तिथे पायवाट होती?"

म्हातारी दारातल्या बाकावर बसली होती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "माझ्या पाहण्यात नाही."

अहवालावर तीन सह्या आहेत. तिसरी माझी. साहेबांना बढती मिळाली, शिंप्याची बदली झाली, आणि मी आरामात पेन्शनीत निघालो. म्हातारी अजून महिन्यातून एकदा ऑफिसात येऊन बसते. अहवालात अजून तेच लिहिलंय. मला साहेबाचा राग येतो, हो, मरेपर्यंत येईल. पण साहेबाने त्या वाटेकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. मेलेलं माणूससुद्धा सांगितल्यावर मागे फिरलं, पोरांनो. कोणीतरी वेळेवर सांगायचं होतं, बाकी काही नाही.

शिंपी गेल्या महिन्यात गेला. झोपेतच. त्याची बायको इथे माझ्या घरी आली, हे पुढे केलं आणि म्हणाली, "भाऊजी, हे तुम्हालाच द्यायला सांगून गेलेत." हेच ते. बघ, कोपरा तडकलाय. मागचं झाकण उघड, सेल नाहीत. मी टाकलेले नाहीत.

त्या रात्री ते आपणहून चालू झालं. मशीन जिथून चालत गेलं तिथे ते रेघ ओढून ठेवतं, ते तुम्हाला शिकवलंय. खाणीपासून खालच्या गावापर्यंत रेघ होती. चौदा नोव्हेंबर, आठ बावन्नपासून. म्हातारीच्या उंबऱ्यावर संपत होती.

दुसऱ्या रात्री तिथे संपत नव्हती. उंबऱ्यापासून पुढे आली होती, या गावाच्या रस्त्याला लागली होती. मग रोज थोडी. परवा पुलाशी होती. काल फाटकाशी.

माझा कबुलीचा कागद लिहून झालाय, खिशात आहे. उद्या दहाला ऑफिस उघडलं की देतो आणि सही मागे घेतो. आणि ज्याने टेबलावर कड जुळवली, तो त्याआधी, सकाळी सहाला, बूट घालून तयार राहील. मी बरोबर येतो.

आता हे तू धर. घाबरू नकोस, बाई आपल्यावर चिडलेली नाही. चिडायला हवं होतं खरं तर. रेघ कुठे आलीय, तेवढं सांग.

...

अंगणात? नीट बघ.

...

पायरीवर.

बरं. उठ, दाराची कडी काढ. मी सांगतो तिला.