ओठांची बोली

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, निदान निघताना तरी. नदीकाठची बंद पडलेली कापडगिरणी पाडून तिथे वाचनालय बांधायचं ठरलं आणि मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. जुने नकाशे वाळवीने खाल्लेले. म्हणून एका दुपारी आत्याला सोबत घेतलं. तिने तिथे एकतीस वर्षं माग चालवला होता.

मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही. त्यामुळे तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या. आत्याचे कान त्या खडखडाटातच गेले आणि ती बोली आमच्या घरात आली. पाहुण्यांसमोर त्यांचीच निंदा करायला याहून चांगली सोय नाही! खोट एकच, प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. आत्याने एकदा मुकादमाकडे माप मागितलं, त्याला वाटलं हिने आपला बाप काढला. आठवडाभर तोंड फुगवून होता.

गिरणीत आता माग नव्हते, जमिनीत नुसते बोल्ट उरले होते. जुन्या तेलाचा वास आणि छतावर नदीच्या पाण्याचा हलता उजेड. मी फीत धरून मापं घेत होते. आत्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन थांबली.

“बाळी... पलीकडच्या खिडकीत कुणी आहे का गं? मोतीबिंदूमुळे मला नीट दिसत नाही.”

होती एक बाई. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चौकीदाराची बायको असेल, असं मला वाटलं. ती आत्याकडे बघत ओठ हलवत होती. आवाज नव्हता. मी आत्याजवळ जाऊन मान डोलावली.

“काय म्हणते?”

“पाळी दे, म्हणते,” मी ओठांनीच सांगितलं.

आत्याने सावकाश मान हलवली. “तीच ती. तू जन्मलीस त्या दिवशी तुला बघायला मी सुट्टी घेतली. माझ्या पाळीला ती उभी राहिली. मागाच्या पट्ट्यात बाही अडकली... परत घरी गेलीच नाही.” मग खिडकीकडे वळून तिने नुसते ओठ हलवले, “देते.”

मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. ती मात्र हसत होती. “अठ्ठ्याहत्तर झाली की माझी. तिची पाळी फेडायला कधी ना कधी जायचंच.”

पंधरा दिवस मी तिच्या उशाशी झोपले. तिला काही झालं नाही. उलट दोन घास जास्तच जेवायला लागली.

सोळाव्या दिवशी चहा पिताना तिचा कप हातातच राहिला.

“बाळी... ती ‘पाळी’च म्हणाली ना?”

मला आधी उमगलंच नाही. मग ‘पाळी’ आणि माझं नाव ‘बाळी’, दोन्ही नुसत्या ओठांनी म्हणून पाहिलं. माझ्या ओठांवर तिला फरक दिसणार नव्हता, म्हणून तिच्या तळहातावर बोटाने ‘पाळी’ असं लिहिलं.

“मी ‘देते’ म्हणाले गं...”

तेव्हापासून ती मला नजरेआड होऊ देत नाही. तशी माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त रोज सकाळी केस विंचरताना फणीत कापसाचे पांढरे तंतू निघतात. आत्या उठायच्या आत मी ते खिडकीबाहेर झटकून टाकते.