मोगऱ्याची पहिली कळी

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो, न पटो. माझ्या आजीनं, इंदिरानं, देवापुढं बसून सांगितलेली आहे. आणि शेवटचं जे घडलं, ते तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

साल एकोणीसशे चौतीस. बारामतीजवळचं कन्हेरी. चैत्राची तिन्हीसांज.

इंदिरा ही नीळकंठाची दुसरी बायको. पहिली प्रयाग. ती बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट. रीतीप्रमाणं इंदिराच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी, प्रयागच्या नावाचा टाक, ठसा उमटवलेला चांदीचा छोटा पत्रा, होता. मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं. नवं लुगडं, सणाचा घास, सगळं आधी तिला दाखवायचं.

मळा पाटाच्या पाण्यावर होता. वांगी, मिरच्या बारामतीच्या बाजाराला जायच्या. पण घरामागचं परसदार प्रयागनं लावलेलं. चैत्रात मोगरा, श्रावणात जुई अन् गुलबाक्षी, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. मधल्या दिवसांना तगर आणि अबोली. वर्षाचा एक महिना फुलावाचून जायचा नाही. लावणारी गेली, बाग मात्र फुलतच राहिली.

सासू सरुबाईनं आल्या दिवशीच बजावलं होतं, "हंगामाचं पैलं फूल तिच्या टाकाला. मग तुझ्या डोईत."

इंदिरानं ते पाळलं. पण मनात खुपायचं. नवरा तिचा, बाग तिची, गळ्यातही तीच. मग माझं काय?

माघात सुधा झाली. इंदिराचं एकटीचं असं पहिल्यांदाच काहीतरी घरात आलं.

त्या चैत्रात मोगऱ्याला पहिली कळी आली. इंदिरानं ती खुडली...

आणि सुधाच्या टोपड्यात खोचली.

एवढीशी कळी! कुणाला काय कळतंय?

"पैलं फूल वाह्यलंस का गं?" सरुबाईनं विचारलं.

"व्हय, आत्याबाई."

दिवेलागणीला परसात आवाज आला. तांब्यानं पाणी ओतल्याचा.

बुळुक... बुळुक...

इंदिरा दारात गेली. कुणीच नव्हतं.

मोगऱ्याचं आळं मात्र ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मोगऱ्यावर एक कळी नाही. तगर बोडकी. अबोली बोडकी. खाली मातीत पाकळीसुद्धा पडलेली नव्हती.

आणि सुधा तापानं फणफणलेली.

वैद्याचा काढा झाला. दृष्ट काढून झाली. पोर दूध ओढेना. तिच्या अंगाला मात्र वास येत होता...

मोगऱ्याचा.

इंदिराचा धीर सुटला. तिनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं. "आत्याबाई, म्या खोटं बोलले. पैली कळी पोरीला घातली."

सरुबाईनं तिला हाताला धरून उठवलं. "अगं, काय केलंस गं हे! जा, एक तरी फूल बघ जा!"

फूल होतं कुठं? इंदिरानं पान न् पान उलटून पाहिलं. फांद्यांनी हात ओरबाडले. नीळकंठ धावत बारामतीला गेला, मोगऱ्याचा गजरा घेऊन आला. इंदिरानं तो टाकाला लावला.

गजरा गळून पडला.

पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"इकतचं चालायचं न्हाय तिला," सरुबाई पुटपुटली. "तिच्या हातानं लावलेलंच पायजे."

सांज झाली. सुधाची मान कलली. रडणंही थांबलं.

परसात पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला.

बुळुक... बुळुक...

इंदिरा उठली. तिन्हीसांजेला तान्हं लेकरू कुणी उंबऱ्याबाहेर काढत नाही. तिनं काढलं. सासू हाका मारत राहिली. मोगऱ्याच्या ओल्या आळ्याशी गुडघे टेकून तिनं पोर झाडापुढं ठेवली.

"अक्का, माझ्यापाशी पैलं म्हनून एवढंच हाय. घ्या. तुमचीच म्हना हिला. पन जगवा. तुमच्या पाया पडते, जगवा हो!"

आवाज थांबला.

वारा नव्हता. तरी सुधाच्या कपाळावरची जावळं हलली... कुणीतरी हळूच मागं सारावीत तशी.

आणि सुधा रडली. खणखणीत रडली.

रात्रीतून ताप उतरला. सकाळी मोगरा पांढराशुभ्र फुलला होता. सरुबाईनं देवाला गूळ ठेवला. इंदिरानं पोटभर रडून घेतलं. पोर वाचली, आणखी काय हवं होतं तिला?

पुढच्या वर्षी सुधाला बोल फुटला. दुडूदुडू मोगऱ्यापाशी गेली, दोन्ही हात वर केले. कुणी उचलून घ्यावं म्हणून करतात तसे.

"आई!"

तिथं कुणी नव्हतं.

इंदिरानं धावत जाऊन तिला कडेवर घेतलं. सुधानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मारून झालं, समजावून झालं, नवस झाले. सुधानं इंदिराला कधीच आई म्हटलं नाही.

सुधा म्हणजे माझी आई.

आजी त्याच घरात वारली; तेव्हा आई अन् मी तिथंच होतो. शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरला. "तिला एकदा सांग रं. एकदाच म्हन म्हनावं... आई."

मी देवघरात आईकडं गेलो. तिन्हीसांज होती. आई दिवा लावत होती. मी हात जोडले. म्हटलं, आता तरी तिला आई म्हण.

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही.

"अरे, मावशीला आई कशी म्हणू? आई तर तिकडं मोगऱ्याला पाणी घालतीय."

परसदाराकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

आवाज मात्र येत होता...