मनोऱ्यावर गेलं की मुकं होणारं एरियल

"सोडा, हळूहळू सोडा. दोर हातातून निसटता कामा नये," मनोऱ्याच्या टोकावरून हरिहरकाका ओरडले, आणि ते अवाढव्य एरियल पुन्हा एकदा हेलकावे खात जमिनीकडे निघालं.

वर गेलं होतं, बसवलं होतं, आणि मुकं निघालं होतं. पुन्हा!

मुलांनी ओलांडायची नाही म्हणून आखलेल्या चुन्याच्या रेघेबाहेर मंदाकिनी, तिचा धाकटा भाऊ उत्तम आणि त्यांचा दोस्त रतन तोंडं पाडून बसले होते. मे महिन्याची अख्खी सुट्टी या एरियलने गिळली होती. बरं, गिळली तर गिळली, पण त्यांना कुणी दोराला हातसुद्धा लावू देत नव्हतं.

ही १९५३ सालची गोष्ट. महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, पण कल्याणजवळ विठ्ठलवाडीच्या माळावर लष्कराने उभारलेला लोखंडी मनोरा अजून तसाच होता. तो उभा होता ती जमीन रतनच्या वडलांची, गुणाजी पाटलांची. मंदाकिनीच्या काकांकडे, म्हणजे हरिहरकाकांकडे, हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता. स्वतः जोडलेल्या यंत्रावरून जगभरच्या हौशी मंडळींशी टिकटिक करून बोलायचं, हा त्यांचा छंद. पण कल्याणच्या घरावरच्या तारेने त्यांचं बोलणं जेमतेम पुण्यापर्यंत पोचायचं. समुद्रापलीकडे जायचं तर एरियल मोठं हवं आणि उंचावर हवं. म्हणून हा सगळा खटाटोप.

एरियल म्हणजे बांबूच्या मोठाल्या फुल्या आणि त्यांच्या टोकांवरून ताणलेली तांब्याची तार. दिसायला बिनकागदाचा पतंगच. खालच्या कोपऱ्यात त्या तारेची दोन उघडी टोकं अगदी जवळ यायची. तिथून एक जोडतार मनोऱ्याखालच्या पत्र्याच्या खोलीत, यंत्रापर्यंत गेली होती. ती दोन टोकं एकमेकांना जोडली गेली की एरियल कामातून गेलं, असं काकांनी मुलांना दहादा बजावलं होतं. जणू मुलंच जोडणार होती!

आणि गंमत अशी, की खाली जमिनीवर एरियल झकास चालायचं. काका कानांना ऐकणी लावून खूश व्हायचे, यंत्र बंद करून मनोऱ्यावर चढायचे, बाकीचे दोर ओढायचे. वर बसवून झाल्यावर यंत्र लावावं तर नुसती शांतता. खाली उतरवलं की पुन्हा ठणठणीत.

मोठ्या माणसांकडे कारणांना तोटा नव्हता. नौपाड्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान असलेले सहदेवराव म्हणाले, बांबू ओले आहेत. गुणाजी म्हणाले, तोंड चुकीच्या दिशेला आहे. मंदाकिनीचे वडील नाना म्हणाले, मनोऱ्याचं गंजकं लोखंडच सगळं खाऊन टाकतंय. मग तिघे त्यावर चहा संपेपर्यंत भांडले. मंदाकिनीने मध्येच विचारलं, की वर नेतानाच काही होत असेल का? तर सहदेवरावांनी तिला आणखी चहा सांगून यायला पाठवलं. तिचा असा संताप झाला, की तिने चहा सांगितलाच नाही.

त्या संध्याकाळी घरी परतताना काका सगळ्यांच्या पुढे भराभर चालत होते. घर जवळ आल्यावर मात्र थांबले.

"पुढचा रविवार शेवटचा," ते मंदाकिनीला म्हणाले. "नाही झालं तर यंत्र सहदेवरावांना देऊन टाकणार. लोक हसतात, त्याचं काही नाही गं. पण मीच दमलोय आता."

 काकांनी तिला टिकटिकीची अक्षरं शिकवली होती. एरियल लागलं की समुद्रापलीकडून येणारं पहिलं बोलणं तू उतरवून घ्यायचं, असं कबूल केलं होतं. गणित शिकवताना वैतागणारे काका अक्षरं शिकवताना एकदाही वैतागले नव्हते. आणि आता तेच यंत्र नौपाड्यातल्या दुकानाच्या फळीवर धूळ खात पडणार होतं.

रविवारी सकाळी पुन्हा सगळे माळावर जमले. एरियल खाली लावून पाहिलं, चाललं. काकांनी यंत्र बंद केलं आणि ते मनोरा चढायला लागले. गुणाजींनी दरवेळेप्रमाणे सगळ्यांना मनोऱ्याच्या पायथ्याशी बोलावलं. नारळ फोडल्याशिवाय त्यांच्या जमिनीवर कामाला हात लागत नसे. सगळे गेले. नाना तेवढे एरियलपाशीच उभे राहिले. नारळ, नजर, मुहूर्त यांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि हे ते आळीत सगळ्यांना ऐकवत असत. उत्तम तान्हा असताना आईने त्याला तीट लावली तरी ते घर डोक्यावर घ्यायचे.

"पोरांनो, रेघेबाहेर," सहदेवराव ओरडले.

हे ऐकल्यावर मंदाकिनीचं डोकंच फिरलं. शेवटचा दिवस, आणि तिथेही रेघ! ती तरातरा पत्र्याच्या खोलीत गेली, काकांच्या खुर्चीत बसली आणि कुणालाही न विचारता यंत्र लावलं. दारात उत्तम आणि रतन पहाऱ्याला उभे राहिले. ओरडा खायचाच आहे तर निदान ऐकून तरी खाऊ, असा तिचा विचार होता.

टिकटिक छान येत होती. कुठलंतरी जहाज बोलत होतं. ती अक्षरं जुळवत होती, तेवढ्यात खट् करून आवाज मेला.

"वर गेलं का रे?" तिने विचारलं.

"नाय गं. अजून जमिनीवरच हाय," रतन म्हणाला. "ते काय समोर."

मंदाकिनी उठून दारात आली. खरंच, एरियल जागचं हललंसुद्धा नव्हतं. पण ते मुकं झालं होतं! म्हणजे उंचीचा, गंजाचा, दिशेचा काही संबंधच नव्हता. जे काही व्हायचं ते वर जाण्याआधीच होत होतं, आणि नेमकं तेव्हा ऐकायला कुणी नसायचं. काका मनोऱ्यावर, बाकीचे नारळाभोवती.

एरियलच्या खालच्या कोपऱ्यापाशी नाना वाकले होते. ते उठले, धोतराला हात पुसले आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने दोराकडे चालू लागले.

"थांबा! दोर ओढू नका!" मंदाकिनी धावत सुटली. पण मंडळी दोराला लागली होती, आणि सहदेवरावांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. मुलींचं इथे काय काम, असंही वर ऐकवलं. एरियलचं वरचं टोक उचललं जाऊ लागलं.

रतनने तिच्याकडे पाहिलं आणि क्षणात त्याला सुचलं.

"बाबा! म्हशी वांग्यात शिरल्या!"

गुणाजींनी दोर टाकला आणि वाडीकडे धूम ठोकली. दोर ओढणाऱ्यांत जोर होता तो त्यांच्यातच. बाकीच्यांनी कसंबसं एरियल परत टेकवलं आणि गुणाजींच्या नावाने बोटं मोडत घाम पुसायला सावलीत गेले. वाडीत म्हशी नव्हत्याच, हे कळायला गुणाजींना थोडा वेळ लागणार होता.

तिघं खालच्या कोपऱ्यापाशी पोचली. काकांनी शोभेला बांधलेली झेंडूची माळ मंदाकिनीने वर केली, आणि तिघंही बघतच राहिली. माळेखाली लिंबू-मिरची होती, लोखंडी तारेत ओवलेली. आणि ती तार तांब्याच्या दोन्ही उघड्या टोकांवरून फेऱ्यावर फेरे मारून करकचून आवळली होती. जी टोकं जोडायची नाहीत, ती लिंबाच्या तारेने पक्की जोडून टाकली होती!

"दरवेळी बांधत होते," उत्तम पुटपुटला. "आणि उतरवलं की सगळ्यांआधी येऊन काढून घेत होते. म्हणून खाली चालायचं."

"कोण?" रतनने विचारलं.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. नानांना सगळ्यांसमोर बोलायचं? ज्यांनी नजरेवरून अख्ख्या आळीची टिंगल केली, त्यांच्या लिंबाने धाकट्या भावाचं एरियल बुडवलं, हे सहदेवरावांच्या देखत? मंदाकिनीला ते नको होतं. काकांचं यंत्रही जायला नको होतं. तिने दात-ओठ खात तार उलगडली. बोटाला चरा गेला. मग वेणीची लाल रिबीन सोडली, त्या रिबिनीने ते लिंबू टोकांपासून दूर, वर बांबूला बांधलं आणि माळ नीट केली. नानांना ते हवं होतं ना? मग असू दे तिथे.

गुणाजी रतनला शिव्या देत परत आले. दोर पुन्हा ओढला गेला. एरियल हळूहळू वर चढलं, मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तणाव्यांना चुकवत टोकाला पोचलं, आणि काकांनी ते बसवलं. खाली येऊन ते खोलीत शिरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आशा अशी नव्हतीच. मंदाकिनीने लावून ठेवलेलं यंत्र बंद करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

टाकून दिलेल्या ऐकणीतून बारीक टिकटिक ऐकू येत होती.

काकांनी कळ दाबून हाक दिली. पुन्हा दिली. आणि उत्तर आलं! मोंबासाचा एक हौशी गडी बोलत होता, समुद्रापलीकडून.

मग काय विचारता? सहदेवराव म्हणाले, बघा, बांबू वाळले. गुणाजी म्हणाले, आज मीच तोंड जरा पश्चिमेला वळवलं. जो तो आपलीच पाठ थोपटून घेत होता. मुलं कोपऱ्यात धुमसत उभी होती. काका एकटेच विचारत होते, की आज वेगळं काय केलं, ते कुणी सांगेल का? मंदाकिनीने ओठ घट्ट मिटले.

नाना अजून बाहेर होते. मान वर करून ते बांबूकडे बघत होते. तिथे लाल रिबीन फडफडत होती. मग ते आत आले, आणि त्यांनी मुलीच्या सुटलेल्या वेणीकडे पाहिलं, तिच्या चिरलेल्या बोटाकडे पाहिलं.

"हरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "तुझं एरियल दरवेळी मी बंद पाडत होतो. नजर लागू नये म्हणून लिंबू बांधत होतो, तुझ्या त्या दोन टोकांवर, तारेने. चाललं नाही की वाटायचं, नजरच जबर आहे. म्हणून पुढच्या वेळी आणखी घट्ट बांधायचो."

सहदेवरावांनी दारातून मान ताणून वर बांबूकडे पाहिलं. 

"हे या पोरांनी शोधून काढलं," नाना पुढे म्हणाले. "आणि मंदाकिनी माझी लाज राखायला गप्प बसली. आपल्यापैकी एकालाही जे दिसलं नाही, ते यांनी रेघेबाहेर बसून पाहिलं. शाबास रे पोरांनो."

हरिहरकाकांनी भावाचा हात घट्ट धरला.  मग ते खुर्चीतून उठले, मंदाकिनीला तिथे बसवलं आणि ऐकणी तिच्या कानांवर चढवली.

मोंबासाचा माणूस विचारत होता, तिकडे कोण आहे? एकेक अक्षर जुळवून तिने ते मोठ्याने वाचलं. नाना पुढे वाकून म्हणाले, "सांग हरी, माझी मुलगी आहे म्हणावं."