एक हात अंतर

हे कुणाला सांगायचं नाही, अशी चेतनाने मला गळ्याची शपथ घातली आहे. आत्ता आई स्वयंपाकघरात आहे, खोलीत मी एकटीच आहे, म्हणून सांगते.

चेतना आमच्या भांडुपच्या शाळेत नववीत. तोंडातून शब्द फुटत नाही, पण अक्षर छापल्यासारखं. म्हणून फाटकाजवळच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहायचं काम तिच्याकडे. आजच्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे काय घडलं. तेच मग परिपाठात वाचायचं.

"तुझा फळा वाचतं कोण गं?" वर्गातला धवल एकदा म्हणाला. "काहीपण लिही, कुत्रंसुद्धा थांबणार नाही."

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या तळाशी जागा उरली होती. तिथे तिने लिहिलं : '२००३ : आपल्या शाळेची विद्यार्थिनी अनुपमा हिचा मागच्या टाकीत बुडून मृत्यू.' अशी कुणी मुलगी नव्हतीच. टाकी तेवढी होती.

त्या दिवशी सगळ्यांनी फळा वाचला. जयंतीबाई शाळेत नव्या. त्यांनी परिपाठात मौन पाळायला लावलं. पाचवीतल्या मुली रडल्या. चेतनाची मान वर होईना, कान नुसते भाजत होते. आणि त्या शांततेत तिला मागे पाणी ठिबकल्याचा आवाज आला. ठिब... ठिब... खरं तर तिच्या मागे कुणी नसतंच. वर्गात ती सर्वांत उंच, म्हणून रांगेत शेवटची.

दुसऱ्या सकाळी बाईंनी आज्ञा दिली, "हात पुढे! एक हात अंतर!"

चेतनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात तिच्या खांद्यावर मागून एक हात आला. गार, ओला. शेवाळाचा वास.

"मीरा... मागे बघू नकोस," ती पुटपुटली.

मधल्या सुट्टीत तिने मला सगळं सांगितलं. तिच्या युनिफॉर्मवर ओले डाग होते, चार बोटांचे.

"वाट लागली यार. मी तिला जन्माला न घालताच मारलं."

"सांगून टाक ना सगळ्यांना."

"तोंडावर थुंकतील गं..."

तरी पुढच्या परिपाठात ती पुढे गेली. तिने माइक हातात घेतला. "मी खोटं लिहिलं. अनुपमा... कधी नव्हतीच."

आणि माझ्या मागे, चेतनाच्या रिकाम्या जागी, कुणीतरी तोंड दाबून रडायला लागलं. चारचौघांत अपमान झाल्यावर रडतात तसं. चेतना तिकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती.

"सॉरी गं..." ती माइकमध्येच म्हणाली, आणि खाली बसली.

तेव्हापासून ती तापाने घरी आहे. फळा माझ्याकडे आलाय आणि रांगेत शेवटची मी. आज अंतर घेताना तो हात माझ्या खांद्यावर आला. कानाशी कुणीतरी हळूच विचारलं, "माझा जन्म तरी लिहिशील?"

मला नाही म्हणवेना. बिचारीला आपण सगळ्यांसमोर 'नव्हतीच' म्हटलं. उद्याच्या फळ्यावर मी...

"मीरा! किती वेळ कुजबुजताय गं? चला दोघी जेवायला..."